फेरतपासणी

यंत्राविषयी ललित लिहू नये, असा आमच्या पिढीत एक अलिखित संकेत होता. निबंधाला विषय हवा तो पावसाचा, पाऊलवाटेचा, फार तर आजीच्या फडताळाचा. गिअरबॉक्सवर निबंध लिहिणाऱ्याला मंडळाच्या बैठकीत कोणी दुसऱ्यांदा चहा विचारला असता की नाही, याची आम्हांला शंकाच आहे. तरीही तो संकेत आज आम्ही मोडतो आहोत. गेल्या वर्षी चैत्रात एका जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सने आमच्या घरात जे घडवले, ते लिहून ठेवल्यावाचून आमचे आम्हांलाच बरे वाटणार नाही.

आमचे पणजोबा गायकवाड सरकारच्या महसुली चाकरीत नवसारी प्रांतात आले. व्यारा, सोनगड करीत करीत आजोबांच्या काळी घर बारडोलीस स्थिरावले. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर गुजराती आणि भांडण जुंपले की दोन्ही, अशी जी रीत आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे तीच आमच्याकडेही. या घरातले थोरले म्हणजे आमचे दादा. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय अधू झाला. पुढे ते साखर कारखान्याच्या ऊस विभागात नोकरीस लागले. कोणाचा ऊस कधी लावला, किती वाढला, तोडणीस कधी येईल, हे बांधावर जाऊन पाहण्याचे ते काम. अर्ध्याहून अधिक आयुष्य त्यांनी ते दुसऱ्याच्या मोटारसायकलीवर मागे बसून केले. मोटारीचा क्लच दाबायला डावा पाय लागतो, आणि तो दादांपाशी नव्हता.

2005 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी एक गाडी विकत घेतली. गाडी दुसऱ्या हातची, परदेशी बनावटीची, उंच चाकांची, चारही चाकांना जोर देता येईल अशी. आणि मुख्य म्हणजे क्लच नसलेली, गिअर आपले आपण बदलणारी. पावसाळ्यात बारडोलीच्या काळ्या मातीत उसाच्या फडापर्यंत जायचे म्हणजे साध्या गाडीचे काम नव्हे, हे आपणांस सांगायला नको. कंपनीचे नाव आम्ही येथे घेत नाही; पुढे जे सांगायचे आहे त्यात तिचा काही दोष नाही. पहिल्या दिवशी दादा एकटेच गाडी घेऊन मिंढोळेच्या पुलापर्यंत गेले आणि परत आले. कोठे गेला होता, असे आईने विचारले, तेव्हा ते म्हणाले, “कुठंच नाही. स्वतः गेलो होतो.”

आमच्या घराण्याचे कुलदैवत वणीची सप्तशृंगी. चैत्री यात्रेची गर्दी ओसरली की वालोड, उनाई, वघई, सापुतारा करीत वणीस जायचे, हा आमचा नेम. आणि गाडी आल्यापासून सारथ्य दादांचे. गेल्या वर्षी वघई सोडून सापुताऱ्याचा घाट लागला. दोन-तीन वळणे चढतो न चढतो, तोच इंजिनाचा आवाज एकाएकी वाढला आणि गाडीचा वेग मात्र उतरला. इंजिन ओरडते आहे आणि चाके ऐकत नाहीत, असा तो प्रकार. कडेला थांबलो. तासाभराने गाडी पुन्हा थोडी चालली, पण रिव्हर्स काही लागेना. गाडी माघारी वळवायला रस्त्यावरच्या चार अनोळखी माणसांनी हात लावला तेव्हा कोठे तोंड फिरले. देवीचे दर्शन राहिले. उतारावरून हळूहळू परत येताना दादा एक शब्द बोलले नाहीत.

सुरतेच्या एका मोठ्या वर्कशॉपात गाडी ओढून नेली. तेथील तरुणाने डॅशबोर्डाखाली एक वायर जोडली, हातातल्या यंत्राच्या पडद्यावर एक सांकेतिक आकडा पाहिला आणि निर्णय दिला: क्लच प्लेटा घसरताहेत, गिअरबॉक्स संपला. नवा परदेशातून मागवावा लागेल, खर्च गाडीच्या आजच्या किमतीहून अधिक. तेव्हा भंगारात देणे शहाणपणाचे. सारे वीस मिनिटांत आटोपले.

दादांनी तो निर्णय निमूट स्वीकारला. त्याचे कारण आम्हांला रात्री कळले. आदल्या भाद्रपदात एका फरशीवरून पाणी वाहत असताना त्यांनी गाडी पलीकडे काढली होती. पाणी दारांच्या खालच्या कडेपर्यंत आले होते. घरी त्यांनी ही गोष्ट सांगितली नव्हती. “गाडी मीच बुडवली. पाणी शिरलं असणार. आता विकून टाका,” असे म्हणून त्यांनी किल्ली देवघराबाहेरच्या खिळ्याला अडकवली. पुढले पंधरा दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. कोठे न्यायचे का, असे आम्ही विचारले की “काही काम नाही” म्हणत. बावन्नाव्या वर्षी मिळालेली वस्तू सत्तरी ओलांडल्यावर परत द्यावी लागते आहे, आणि तीही आपल्याच चुकीने, हे त्यांनी मनाशी पक्के केले होते. माणूस खचतो म्हणजे काय, ते आम्ही त्या पंधरवड्यात पाहिले.

या निर्णयाला हरकत घेतली ती वहिनींनी. वहिनी येथल्याच शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्या म्हणाल्या, “भावोजी, त्या लोकांनी गाडी पाहिली, की नुसता आकडा पाहिला?” आम्ही म्हणालो, आकडाच पाहिला. “मग बारडोलीत राहून आपण हे कसं मान्य करतो?” 

वहिनींचा रोख 1928 कडे होता. बारडोली तालुक्याच्या साऱ्याची फेरआकारणी झाली तेव्हा पाहणी अधिकाऱ्याने सुमारे 30 टक्के वाढ सुचवली होती. सरकारने ती सुमारे 22 टक्क्यांवर आणून लागू केली. 12 फेब्रुवारी 1928 रोजी वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली साराबंदीचा लढा सुरू झाला; ऑगस्टात समेट झाला आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांकडे फेरचौकशी सोपवण्यात आली. यांतले ब्रूमफील्ड म्हणजे 1922 मध्ये अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. अशा माणसाकडून शेतकऱ्यांनी काय अपेक्षा करावी? पण हे दोघे गावोगाव फिरले, जमिनींच्या खंडाचे आकडे त्या त्या शेतकऱ्यांसमोर पडताळून पाहिले. आणि मूळ आकारणी ज्या आकड्यांवर उभी होती ते आकडे नीट तपासलेच गेले नव्हते, असे त्यांना आढळले. त्यांच्या हिशेबाने समर्थनीय वाढ निघाली ती सुमारे 6 टक्के. स्वराज आश्रमासमोरून आपण रोज जातो-येतो आणि या लढ्यातले शौर्य आठवतो. वहिनींना त्यातली तपासणी आठवली. “चौकशी पुन्हा करा. गाडीजवळ जाऊन,” एवढेच त्या म्हणाल्या.

मग आम्ही सोनगडच्या एका वृद्ध मिस्त्रींचा शोध काढला. त्यांचे आईवडील खानदेशातून आलेले. 1972 मध्ये पुऱ्या झालेल्या उकाई धरणाच्या कामावर ते पोरवयात मदतनीस म्हणून लागले आणि माती ओढणारी, लोटणारी अजस्र यंत्रे दुरुस्त करता करता मिस्त्री झाले. त्या यंत्रांपैकी काहींत, आमच्या गाडीत आहे तसाच, तेलाच्या जोरावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर असे. पंचाहत्तरीच्या घरातले हे गृहस्थ सकाळच्या एस.टी.ने आले. बरोबर एक कापडी पिशवी. तीत बॅटरी, पांढरे सुती फडके, रबरी नळी आणि सायकलचा पंप. हे सामान पाहून आमच्या मनात जे आले ते येथे लिहीत नाही.

गाडीला हात लावण्याआधी मिस्त्री दादांसमोर खुर्ची ओढून बसले. गाडी पहिल्यांदा कधी अडली? थंड असताना की तापल्यावर? पुढचे गिअर आधी गेले की मागचा? थांबल्यावर पुन्हा चालली का? किती वेळाने? अर्धा तास हेच चालले होते. वाग्भटाने रोगपरीक्षेच्या दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशा तीन वाटा सांगितल्या आहेत. मिस्त्रींनी वाग्भट वाचला असण्याचा संभव कमी. पण पद्धत तीच. दादांनी भाद्रपदातील फरशीची गोष्टही सांगितली, मान खाली घालून. मिस्त्रींनी ती ऐकली आणि फक्त म्हणाले, “बघू. शांतीनं बघू.”

येथे वाचकांच्या सोयीसाठी या यंत्राविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. साध्या गाडीत इंजिन आणि गिअर यांना जोडणारा-तोडणारा क्लच चालकाच्या पायाशी असतो. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत ते काम तेल करते. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घातले की झाला टॉर्क कन्व्हर्टर. हेर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले, ते मोटारीसाठी नव्हे तर जहाजासाठी. मोटारीत पूर्णपणे आपोआप चालणारा गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर आला तो अमेरिकेत, 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत. त्यातही तेलाचीच जोडणी होती. टॉर्क कन्व्हर्टर 1948 मध्ये ब्यूक गाड्यांत आला. या गिअरबॉक्सच्या पोटात आणखी काही क्लच असतात. कागदासारख्या तंतुमय अस्तराच्या चकत्या एकीआड एक पोलादी चकत्यांशी रचलेल्या, आणि तेलाच्याच दाबाने त्या एकमेकींवर आवळल्या जातात. म्हणजे हे तेल जोर पोचवते, क्लच आवळते, वंगण होते आणि उष्णताही वाहून नेते. एवढी कामे एका तेलाकडून करून घ्यायची म्हणून त्यात नाना द्रव्ये मिसळावी लागतात. 1970 च्या दशकाच्या आरंभापर्यंत त्यांत देवमाशाच्या तेलाचाही अंश असे. देवमाशाला संरक्षण मिळाल्यावर दुसरे उपाय शोधावे लागले. इंजिनच्या तेलाहून ते वेगळे ओळखू यावे म्हणून त्याला बहुधा लाल रंग देतात. हा लाल रंग वाचकांनी ध्यानात ठेवावा.

मिस्त्रींनी तपासणी सुरू केली ती सर्वांत स्वस्त शक्यतेपासून. अशा गाडीत चार चाकांचा जोर चालू-बंद करणारा एक वेगळा दांडा असतो. तो अर्धवट सरकून मधेच राहिला तर इंजिन फिरते आणि गाडी हलत नाही. माणसे उगीच गिअरबॉक्स उतरवून बसतात. तो दांडा जागेवर होता. मग गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी पाहिली. ढिली नव्हती. मग इंजिन चालू करून तापू दिले, दांडा प्रत्येक जागी क्षणभर थांबवीत फिरवून आणला, आणि इंजिन चालू असतानाच तेल मोजण्याची लांब पट्टी ओढून पांढऱ्या फडक्यावर टेकवली.

फडक्यावर उमटला तो डाग लाल नव्हता, करपलेला तपकिरीही नव्हता. तो गुलाबी होता. दुधात रूह अफ्जा घातल्यावर दिसतो तसा, किंचित फेसाळ.

मिस्त्रींनी फडके आमच्यापुढे धरले. “तेल जळलं असतं तर काळं दिसलं असतं, वासही आला असता. हे जळलेलं नाही. यात पाणी आहे.”

दादांनी डोळे मिटले. त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता.

येथपर्यंत आल्यावर इंजिन जोराने रेटून क्लच किती घसरतो ते पाहण्याचीही एक परीक्षा असते. ब्रेक घट्ट दाबून धरायचा, गिअर घालायचा आणि चार-पाच सेकंद पूर्ण जोर देऊन इंजिन किती फेऱ्यांपर्यंत चढते ते पाहायचे. ठरल्यापेक्षा अधिक चढले तर क्लच घसरतो आहे. कमी चढले तर इंजिन अशक्त किंवा कन्व्हर्टरमध्ये बिघाड. मिस्त्रींनी ती करण्याचे नाकारले. पाणी शिरलेल्या चकत्यांना असे रेटणे म्हणजे उरलेसुरले अस्तरही सोलून काढणे, असे त्यांचे म्हणणे पडले. कोणती परीक्षा करायची हे कळणे विद्या आहे. कोणती करायची नाही हे कळणे अनुभव आहे.

“आता पाणी आलं कुठून, ते बघायचं,” मिस्त्री म्हणाले. सुरतेचा निर्णय जेथे संपला होता त्याच्या पुढे आम्ही दोन पावले आलो होतो. क्लच घसरतो हे खरेच होते; तो आकडा खोटा नव्हता. पण तो परिणामाचा आकडा होता, आणि परिणामाला कारण समजून निकाल दिला गेला होता.

पाणी येण्याच्या वाटा दोन. गिअरबॉक्सला श्वास घेण्यासाठी एक बारीक नळी असते. तापलेला गिअरबॉक्स एकाएकी थंड पाण्यात बुडाला तर आतली हवा आकसते आणि त्या नळीच्या तोंडाशी पाणी असले तर ते आत ओढले जाते. भाद्रपदातील फरशीवर हे घडले असू शकत होते. मिस्त्रींनी गाडीखाली सरकून ती नळी शोधली आणि बॅटरीच्या उजेडात तिचा माग काढीत वर आले. नळी इंजिनाच्या मागच्या भिंतीलगत पार वर, बॉनेटच्या पातळीपर्यंत नेलेली होती. कोठे चिरलेली नव्हती, तिच्या तोंडाशी मातीचा लवलेश नव्हता. तेलाच्या पट्टीवरही गाळाचा कण नव्हता. भाद्रपदातले आमच्याकडचे पाणी आणि त्यात माती नाही, असे कधी झाले आहे काय?

दुसरी वाट रेडिएटरची. गिअरबॉक्सचे तेल तापते म्हणून ते दोन नळ्यांतून रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या एका छोट्या नळकांड्यात फिरवून आणतात. नळकांड्याच्या आत तेल, बाहेर इंजिनाचे पाणी, आणि दोहोंच्या मध्ये पातळ धातूची भिंत. इंजिन निवल्यावर मिस्त्रींनी रेडिएटरचे झाकण उघडले आणि बोट आत बुडवून बाहेर काढले. बोटावर लालसर, तेलकट साय होती. मग त्यांनी तेलाच्या दोन्ही नळ्या सोडवल्या, नळकांड्याचे एक तोंड बंद केले, दुसऱ्याला रबरी नळी लावून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि आम्हांला रेडिएटरच्या तोंडाशी पाहायला सांगितले. पंपाच्या प्रत्येक दाबासरशी पाण्यात बुडबुडे येत होते. भिंत फुटली होती.

“गाडी चालू असते तेव्हा तेलाला दाब असतो,” मिस्त्री समजावू लागले. “तेव्हा तेल पाण्यात जातं. गाडी बंद केली की तेलाचा दाब संपतो, पण तापलेल्या रेडिएटरात दाब राहतो. तेव्हा पाणी तेलात जातं. म्हणजे तुम्ही घरी येऊन गाडी उभी करता, तेव्हाच.” मग दादांकडे वळून म्हणाले, “दादा, फरशीचा काही संबंध नाही. ही गाडी घरी उभ्या उभ्या आजारी पडली.”

दादांनी डोळे उघडले. त्यानंतरचा प्रश्न मिस्त्रींनी आम्हांला विचारला. “रेडिएटरात कोणतं पाणी घालता?”

ही देखभाल आमच्याकडे असे. दादांना वाकणे जमत नाही, म्हणून चाकातली हवा, इंजिनाचे तेल आणि रेडिएटरचे पाणी आम्ही पाहत असू. दादांनी पहिल्याच वर्षी बजावले होते की कूलंटच घालावे; त्यात गंज धरू न देणारी द्रव्ये असतात. दोन-तीन वर्षे आम्ही ते घातलेही. पुढे अंगणात बोअरची तोटी असताना डबे विकत कशाला आणायचे, असा शहाणपणा सुचला. आमच्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला महिन्याभरात पांढरा थर चढतो, सौ. ते पातेले चिंचेने घासतात, हे आम्ही रोज पाहतो. पातेल्याला जे होते ते रेडिएटरला होत असेल, हे मात्र कधी मनात आले नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की गेल्या वर्षभरात दर पंधरवड्याला रेडिएटरचे पाणी कमी होत होते. आम्ही ते भरीत होतो. पाणी जाते कोठे, हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नाही. कमी झाले की भरायचे, यालाच आम्ही काळजी घेणे म्हणत होतो.

मिस्त्रींचा प्रश्न आणि आमचे उत्तर यांच्यामध्ये काही क्षण गेले. दादांना यातले काही ठाऊक नव्हते. कूलंटच घालतो, असे म्हणणे शक्य होते, आणि तो विचार आमच्या मनाला शिवून गेला हे आम्ही नाकारत नाही. पण पंधरा दिवस आम्ही पाहिले होते की केवळ एका समजुतीपायी दादा आपल्या हातातली किल्ली खिळ्याला अडकवून बसले होते. आम्ही म्हणालो, “बोअरचं.”

मिस्त्रींनी रेडिएटरच्या तोंडाच्या कडेवरचा पांढरा चुरा नखाने खरवडला आणि दिलासा देत म्हणाले, गाडी वीस वर्षांची आहे, धातू तसाही थकतो. तो दिलासा आम्ही घेतला नाही. दादा आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, “मला वाटलं, मीच.” एवढे बोलून ते उठले, काठी टेकीत देवघरापर्यंत गेले आणि खिळ्यावरची किल्ली काढून खिशात घातली.

दुरुस्तीची हकीकत थोडक्यात सांगतो. रेडिएटर नवा बसवला. तेल त्यातून फिरवणे बंद केले. त्यासाठी रेडिएटरच्या पुढे, वारा लागेल अशा जागी वेगळी छोटी जाळी बसवली, म्हणजे तेल आणि पाणी यांची पुन्हा गाठच पडू नये. गिअरबॉक्सचे तेल एकदा बदलून भागत नाही. खालच्या तबकातून काढले तरी बरेचसे कन्व्हर्टरच्या पोटात राहते. म्हणून बदलायचे, थोडे चालवायचे, पुन्हा बदलायचे, असे चार वेळा केले. दुसऱ्या खेपेस फडक्यावरचा डाग फिकट गुलाबी होता, चौथ्या खेपेस स्वच्छ लाल. सगळा खर्च सुरतेच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्यातही गेला नाही.

पण ही गोष्ट सर्वस्वी सुखान्त आहे असे सांगितले तर तीही खोटी साक्ष होईल. चकत्यांचे कागदी अस्तर पाणी पिते आणि ते चिकटवणारा गोंद सैल होतो; एकदा झालेली ती हानी तेल बदलून भरून येत नाही. पुढचे गिअर नीट लागू लागले. रिव्हर्स मात्र लगेच लागत नाही. दांडा टाकल्यावर तीन सेकंद काही होत नाही, मग एक हिसका बसतो आणि गाडी मागे सरते. मिस्त्रींनी स्पष्ट सांगितले की हे पाच वर्षे चालेल किंवा पाच महिने. पुढेही घसरू लागले तर मात्र गिअरबॉक्स उघडावा लागेल. आज उघडू नका. त्यांनी मजुरी घेतली, तीही आम्ही जे पुढे केले त्याच्या निम्मी, आणि दुपारच्या एस.टी.ने सोनगडला परत गेले. ते पांढरे फडके आम्ही मागून घेतले. आमच्या टेबलाच्या खणात ते अजून आहे.

पुष्कळदा वाटते, की आपल्या घरांतील अनेक गोष्टींचे निदान आपण सुरतेच्या त्या तरुणासारखेच करतो. मुलगा मराठी बोलत नाही, भाऊ येत नाही, म्हातारा माणूस हट्टी झाला. आकडा पडद्यावर दिसतो, तो खोटाही नसतो, आणि आपण तेथेच थांबतो. त्या तरुणाला दोष देण्याचा अधिकार आम्हांला मुळीच नाही. त्याने गाडी वीस मिनिटे पाहिली आणि पट्टी ओढली नाही. आम्ही ती वीस वर्षे पाहत होतो, दर पंधरवड्याला झाकण उघडून पाणी ओतत होतो, आणि आत बोट बुडवून पाहिले नाही.

या वर्षी चैत्री यात्रेनंतर आम्ही पुन्हा वणीस निघालो. वघईच्या पुढे घाट लागला तेव्हा कोणी बोलत नव्हते. गाडी चढली. नांदुरीस पायथ्याशी पोचल्यावर दादांनी गाडी नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून लावली नाही. एक मोठा वळसा घेतला आणि ती परतीच्या रस्त्याकडे तोंड करून उभी केली, म्हणजे निघताना रिव्हर्सची गरजच पडू नये. इंजिन बंद करून ते क्षणभर तसेच बसले. मग म्हणाले, “निवू दे जरा. मग झाकण उघडून बघ.”

दर्शनाला जाण्याआधी आम्ही थांबलो, आणि गाडी निवल्यावर झाकण उघडून पाहिले. पाणी होते तेवढेच होते.